आधी अंगकाठी, मग रायफल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या की ठाणे आणि नवी मुंबईतल्या नेमबाजी केंद्रांवर पालकांची रीघ लागते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचे जगज्जेतेपद मिळवले, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक आणले, आणि या खेळाकडे मराठी घरांचे लक्ष गेले. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण आलेल्या पालकाचा पहिलाच प्रश्न असतो, ‘कोणती रायफल घेऊ?’ काही जण तर रायफल घेऊनच येतात. लाखांत पैसे मोजलेले असतात आणि बारा वर्षांच्या मुलीला ती रायफल खांद्याला लावून दहा मिनिटेही उभे राहता येत नाही. हा खर्च आणि मुलांचे होणारे हाल दोन्ही टाळता येतात. म्हणून रायफलचे कोणते भाग कशासाठी असतात आणि कोणत्या क्रमाने निवडावेत, ते आपल्या वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहोत.

गोंधळाचे मूळ बऱ्याचदा मोबाइलवर पाहिलेल्या परदेशी चित्रफितींत असते. तिकडे शिकारीसाठी रायफल सुट्या भागांतून बांधून घेण्याची जुनी रीत आहे. त्यात आधी सावज आणि अंतर ठरते, त्यावरून काडतूस ठरते. समजा .३०८ विंचेस्टर हे काडतूस ठरले, तर १५० ते १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळीला मानवेल असा दर १० किंवा १२ इंचांत एक फेरा घेणारा पीळ नळीला लागतो. मग ॲक्शन (गोळी भरून झाडणारी यंत्रणा), नळीची लांबी, दुर्बीण आणि शेवटी डोंगर चढताना खांद्याला सोसेल एवढेच वजन. त्या कामाला हा क्रम बरोबर आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली आणि ते योग्यच झाले. इथली रायफल म्हणजे कागदावरच्या काळ्या वर्तुळासाठीची रायफल. तिच्यासमोरचे अंतर कधी बदलत नाही, तिला डोंगरावर न्यायचे नसते, दुर्बीण तर नियमातच बसत नाही. त्यामुळे निवडीचा क्रम उलटा होतो. शरीराला टेकणारे भाग आधी, मग दर्शिका (ज्यांतून पाहून नेम धरतात ते भाग), मग पेलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) आणि ती उडवणारी दाबाची हवा. नळी सगळ्यांत शेवटी.

कायद्याचे थोडक्यात. नळीचा व्यास ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर त्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण ७.५ ज्यूलची असते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. ‘ही जास्त ताकदीची आहे’ म्हणून दुकानदार ०.२२ म्हणजे ५.५ मिमी नळीची, दुर्बीण लावलेली एअर रायफल पुढे करतो. तिला परवाना लागतो आणि १० मीटर स्पर्धेत ती उभीही करता येत नाही; ४.५ मिमी हाच तिथला नियम आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. येऊर, कर्नाळा, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य ही सगळी आपल्या दारातली ठिकाणे आहेत. परवानामुक्त असली तरी एअर रायफल हे शस्त्रच, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेणे हाच गुन्हा आहे. कबुतर, माकड, भटके कुत्रे यांच्यावर ‘नेम बसवून’ पाहणाऱ्या मुलाला कोणत्याही केंद्राने दारात उभे करू नये.

आता मुलाकडे वळू. खरेदीच्या आधी एक चाचणी घरीच करावी. दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटा त्रिकोण करायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या त्रिकोणातून भिंतीवरचे घड्याळ पाहायला सांगा आणि मग एकेक डोळा झाकायला लावा. ज्या डोळ्याने पाहताना घड्याळ त्रिकोणातच राहते तो प्रबळ डोळा. मूल उजव्या हाताने लिहिते पण प्रबळ डोळा डावा आहे, असे बऱ्याच वेळा निघते. अशा मुलाला लहान वयात डाव्या खांद्यावरून शिकवणे सोपे जाते. आणि मग रायफलचा दस्ता (हातात आणि खांद्याला धरायचा सांगाडा), ग्रिप (मूठ), गालपट्टी सगळे डाव्या बाजूचे लागते. उजव्या बाजूची महाग रायफल आधीच घेतलेली असेल तर पुढे दोनच पर्याय उरतात, रायफल विकणे किंवा वर्षानुवर्षे डोळ्यावर पट्टी लावून झगडत राहणे.

दस्ता, म्हणजे स्टॉक, हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि पालक त्याकडेच सगळ्यांत कमी पाहतात. उभ्याने नेम धरताना रायफलचे वजन स्नायूंनी पेलायचे नसते, हाडांवर टेकवायचे असते. उजव्या खांद्याच्या मुलाचे डावे कोपर कमरेच्या हाडावर बसते, त्यावर हात खांबासारखा उभा राहतो आणि त्या खांबावर रायफल. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो, मूल चार फुटांचे असो की सहा फुटांचे. धड लांब आणि हात आखूड असलेल्या मुलाची रायफल त्यामुळे लक्ष्याच्या खाली येते. मूल मग पाठ मागे वाकवते किंवा कोपर कमरेवरून उचलते. पाठ वाकवली की महिन्याभरात कंबर दुखायला लागते, कोपर उचलले की दहाव्या गोळीपासून हात थरथरतो. उपाय सोपा आहे. दस्त्याच्या खालच्या रुळावर हाताखाली बसणारा ठोकळा उंच करायचा. म्हणून दस्ता घेताना पहिला प्रश्न हा विचारावा की हाताखालचा ठोकळा किती उंच होतो आणि पुढे-मागे किती सरकतो.

खांद्याला लागणारी बट प्लेट लांबीला, उंचीला आणि तिरकसपणाला बदलता आली पाहिजे. लांबी ठरवण्याची पद्धत अशी. उजव्या हाताने ग्रिप धरल्यावर मनगट सरळ राहावे आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर काटकोनात पडावे. मनगट ताणले जात असेल तर दस्ता लांब आहे. नाक मागच्या दर्शिकेला भिडत असेल तर आखूड. सुरुवात आखूड बाजूने करावी आणि एका वेळी ५ मिमीच वाढवावे. उंचीबाबत नेहमी होणारी चूक अशी की मूल रायफलपर्यंत मान खाली नेते. मान सरळ हवी, रायफलने डोळ्यापर्यंत वर यायचे. त्यासाठी बट प्लेट खाली सरकवायची. प्लेट खाली गेली की तीच रायफल खांद्यावर वर बसते.

गालपट्टीची परीक्षा डोळे मिटून घ्यावी. मूल रायफल खांद्याला लावून गाल टेकवते, डोळे मिटते, तीन श्वास घेते आणि मग डोळे उघडते. मागच्या दर्शिकेच्या भोकातून पुढच्या दर्शिकेचे नळकांडे बरोबर मध्ये दिसले, तर गालपट्टी बसली. ते डावीकडे किंवा उजवीकडे दिसले तर गालपट्टी आडवी सरकवा, वर-खाली दिसले तर उंची बदला. एका वेळी १ ते २ मिमी. डोके हलवून दुरुस्ती करायला मुलाला शिकवू नका, कारण साठ गोळ्यांत ते डोके साठ वेगळ्या जागी बसेल. गाल टेकवताना दाब किती हेही पाहावे. गालावर उमटलेला लाल वळ सांगतो की मूल पट्टीवर ओझे टाकते आहे. हीच डोळे मिटण्याची रीत पायांसाठीही आहे. डोळे उघडल्यावर रायफल लक्ष्याच्या डावीकडे रोखलेली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, मागचे पाऊल किंचित फिरवायचे.

प्रत्येक मापाची नोंद वहीत मिलिमीटरमध्ये ठेवावी आणि दस्त्यावर पेन्सिलने बारीक खूण करावी. बारा ते पंधरा या वयात उंची भरभर वाढते. दर तीन महिन्यांनी ही सगळी मापे पुन्हा घेतली नाहीत तर ‘आधी चांगली खेळत होती, आता गुण पडतात’ ही तक्रार ठरलेली. मुलीचे मन लागत नाही असे म्हणण्याआधी बट प्लेट पाहावी.

वजनाची नियमातली कमाल मर्यादा दर्शिकांसह ५.५ किलो आहे. ती मर्यादा गाठायचीच असे नाही. स्पर्धेत १५ मिनिटे तयारी आणि सरावाच्या गोळ्या, मग ७५ मिनिटांत ६० गोळ्या असतात. ३५ किलोच्या मुलाला साडेतीन-चार किलोची रायफल पुरे. जोड वजने आधी सगळी काढून टाकावीत आणि साठ गोळ्यांचा एक पूर्ण सामना खेळून पाहावा. शेवटच्या दहा गोळ्यांची सरासरी पहिल्या दहांपेक्षा स्पष्ट घसरत असेल तर रायफल अजूनही जड आहे. ती घसरण थांबली की ५० ग्रॅमच्या टप्प्याने वजन वाढवावे, तेही डाव्या हाताच्या जवळ. टोकाशी लावलेले वजन नेम स्थिर भासवते, पण लहान मुलाच्या पाठीवर त्याचा ताण कितीतरी जास्त येतो.

दस्ता लाकडी की ॲल्युमिनियमचा? आमचे मत ठाम आहे. खाडीकाठच्या या हवेत साधे एकसंध लाकूड नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाकूड ओल धरते, फुगते, स्क्रूंचा ताण बदलतो आणि लक्ष्यावर गोळ्यांचा गट कारण नसताना सरकतो. पातळ थर चिकटवून केलेले लॅमिनेट किंवा ॲल्युमिनियम घ्यावे. ॲक्शन दस्त्याला धरणारे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नयेत. उत्पादकाच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. तेवढ्यावर टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळावेत. एक घट्ट आणि एक सैल असला की गोळ्या उभ्या रेषेत पसरतात आणि दोष पेलेटला दिला जातो.

दर्शिकांचे गणित मुलांनाही समजते. लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिमी व्यासाचा आहे. दहा मीटरवरून पाहताना, डोळ्यापासून सुमारे एक मीटरवर असलेल्या पुढच्या दर्शिकेच्या जागी तो साधारण ३ मिमीचा भासतो. तिथे आतून ३.४ मिमी व्यासाची कडी बसवली तर काळ्याभोवती पांढऱ्याची केसाएवढीच रेघ उरते. पाहायला ते नेमके वाटते. पण मूल ती रेघ चारही बाजूंनी सारखी करण्यात अडकते, श्वास रोखून दहा-बारा सेकंद धरून राहते आणि नजर थकल्यावर चाप ओढते. ४.० ते ४.५ मिमीची कडी घ्यावी. पांढरे कडे मोकळे दिसते आणि निर्णय लवकर होतो. मागच्या दर्शिकेचे भोक १.० ते १.२ मिमीच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. अंधाऱ्या हॉलमध्ये ते थोडे मोठे, लख्ख दिव्यांत थोडे लहान. आकार बदलता येणारी आयरिस मागच्या दर्शिकेला असली तर चांगलेच. डोळा आणि भोक यांत तीन ते सहा सेंटिमीटर अंतर असावे आणि ते रोज तेच असावे. चष्मा असलेल्या मुलाने रोजच्या चष्म्यातून नेम धरू नये. डोके तिरके झाल्यावर नजर भिंगाच्या कडेतून जाते आणि काळे वर्तुळ लांबट दिसते. नेमबाजीची वेगळी फ्रेम मिळते, तिच्यात भिंग नजरेच्या रेषेला काटकोनात बसवता येते.

चापाबद्दल फार लिहायला नको. दोन टप्प्यांचा हवा. पहिला टप्पा मोकळा, दुसऱ्याची भिंत बोटाला स्पष्ट जाणवणारी. एअर रायफलच्या चापाला किमान वजनाची अट नसल्याने मोठ्या खेळाडूंची नक्कल करून चाप केसासारखा हलका करण्याची हौस असते. नवशिक्याच्या हातून मग नेम लागण्याआधीच गोळी सुटते आणि काही आठवड्यांत त्याला चापाला हात लावायचीच भीती बसते. १०० ग्रॅमच्या आसपास ठेवावे आणि सहा महिने त्याला हात लावू नये.

नळीबद्दल त्याहून थोडके. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, अनशुट्झ, श्टाइर या स्पर्धेच्या रायफलींमध्ये नळीच्या गुणवत्तेचा फरक शिकणाऱ्या मुलाच्या गुणांत दिसत नाही. नावावरून निवड करण्यापेक्षा त्या कंपनीचे सील आणि सुटे भाग आपल्याकडे कोण पुरवतो, दुरुस्तीला किती दिवस लागतात, हे विचारावे.

पेलेटचे मात्र नीट पाहावे लागते. स्पर्धेचे पेलेट चपट्या डोक्याचे, साधारण ०.५३ ग्रॅमचे असते आणि डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिमी असा डबीवर छापलेला असतो. कोणता व्यास कोणत्या नळीला मानवेल हे पाहून कळत नाही, झाडूनच पाहावे लागते. रायफल टेबलावर पक्क्या शिकंज्यात धरावी. प्रत्येक नव्या पेलेटच्या आधी त्याच पेलेटच्या दहा गोळ्या नळी सरावण्यासाठी सोडाव्यात, त्या मोजू नयेत. मग दहा-दहा गोळ्यांचे तीन गट घ्यावेत. पाच गोळ्यांचा एकच गट पाहून निर्णय घेणे चुकीचे, कारण तो योगायोगाने छान येतो. गटाच्या भोकाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि त्यातून ४.५ वजा करावे. उरते ते गोळ्यांच्या मध्यांमधले अंतर.

ते अंतर गुणांत कसे उतरते पाहा. दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो आणि पेलेटची कड त्याला शिवली तरी १०.० मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य २.५ मिमीपर्यंत चुकला तरी दहा. तिथून मध्याकडे जाताना दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो आणि अगदी मध्याशी १०.९ होतात. बाहेरून ७ मिमी भरणारा गट म्हणजे मध्यांचा पसारा २.५ मिमी, नेम अचूक असूनही कडेची गोळी १०.५ ला पडेल. ५.५ मिमीचा गट असेल तर तीच कडेची गोळी १०.८. राष्ट्रीय पातळीवर हा फरक फार मोठा आहे. पण ६० गोळ्यांत ५७० करणाऱ्या मुलाची सरासरी ९.५ आहे. त्याची गोळी पेलेटमुळे एखादा मिलिमीटर भटकते आणि उभे राहण्यातल्या दोषामुळे चार-पाच मिलिमीटर. त्याच्यासाठी महागड्या डब्यांचा ढीग आणणे म्हणजे पैसे पाण्यात. ६००च्या पुढे सातत्याने जाईपर्यंत मध्यम दर्जाचे एकच पेलेट ठेवावे. त्यानंतर वरची चाचणी करावी आणि जे उत्तम ठरेल त्याच्या त्याच उत्पादन क्रमांकाच्या डब्या वर्षभराच्या घ्याव्यात, कारण डबीवरचे नाव तेच असले तरी क्रमांक बदलला की पेलेटही बदलते.

डबी हातातून पडली तर ती सरावाला टाकावी. शिशाची नाजूक कड चेपली की गोळी कुठेही जाते. डबी उघडी राहिली की दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, तीही नळीत नको. आणि शिसे विषारी आहे हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. पेलेट तोंडात धरायचे नाही, सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. केंद्राची फरशी कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या पोछ्यानेच पुसायची.

आता हवेचे बोलू, कारण आपल्या भागात सर्वाधिक नुकसान इथेच होते आणि ते वरून दिसत नाही. या रायफलींच्या सिलिंडरमध्ये बहुधा २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) हवा भरतात. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. २०० मिलिलिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला बाहेरची ४० लिटर हवा कोंबली जाते. म्हणजे वाटेत ओल शोषणारी गाळणी नसेल तर एका पूर्ण भरणीत जवळपास एक ग्रॅम पाणी आत जाण्याची सोय झाली. हातपंपाने वर्षभर असे भरल्यावर व्हॉल्व्हची बैठक खराब होते, दाब नियंत्रकात गंज आणि चिखल जमतो, वेग वर-खाली होतो आणि गोळ्या लक्ष्यावर वर-खाली पसरतात. पालक तेव्हा मुलाच्या श्वासाला दोष देतात. वेगमापकावर दहा गोळ्या सोडून पाहा. वेग १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दोन-तीन मीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर नियंत्रक आणि सील तपासायला द्या.

चांगला उपाय म्हणजे पाणबुड्यांच्या टाकीसारखी कोरड्या हवेची मोठी टाकी. तिचाही हिशेब समजून घ्यावा. १० लिटरच्या टाकीत २०० बारला २००० लिटर हवा असते. १०० बारवर आलेला २०० मिलिलिटरचा सिलिंडर पुन्हा भरायला २० लिटर लागतात. दहा मुलांचे भरून झाले की टाकी १८० बारवर आली, आणि अकराव्या मुलाला २०० कधीच मिळणार नाहीत. म्हणून दोन टाक्या ठेवाव्यात. आधी कमी दाबाच्या टाकीतून जेवढे भरेल तेवढे भरायचे आणि वरचा शेवटचा टप्पाच जास्त दाबाच्या टाकीतून घ्यायचा. भरणी हळू करावी, निदान मिनिटभर. घाईने भरले की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो. मग कोणीतरी वरून आणखी भरतो, ही सवय धोक्याची आहे.

दोन गोष्टींवर तडजोड नको. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. वेल्डिंगच्या किंवा दवाखान्याच्या टाकीतून ‘हवाच तर आहे’ म्हणून भरायचे कोणाच्याही मनात येऊ नये. तेला-ग्रीसचा थेंब असला तरी स्फोट होतो. आणि सीलला साधे तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, उत्पादकाने सांगितलेलेच वापरायचे. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची उत्पादकाने दिलेली मुदत सहसा १० वर्षांची असते आणि स्पर्धेत आणलेल्या सिलिंडरची मुदत संपलेली नाही हे पाहणे ही खेळाडूची स्वतःची जबाबदारी मानली जाते. घोडबंदर रोडला उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत भरलेला सिलिंडर ठेवू नये. लोकलने किंवा बसने येताना रायफल कुलूपबंद कडक पेटीत, सिलिंडर सोडवलेला, आणि सोबत बिल व केंद्राचे ओळखपत्र असावे.

पेटीतला फोम पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. सराव संपल्यावर रायफल पेटीत तशीच रात्रभर बंद राहिली तर सकाळी स्टीलच्या भागांवर तांबूस ठिपके दिसतात. घामाचे हात, खाडीची खारी हवा आणि बंद पेटी एकत्र आली की गंजायला एक रात्र पुरते. घरी आल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसून पेटी उघडी ठेवावी, सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला तव्यावर मंद आचेवर किंवा उन्हात कोरड्या कराव्यात. नळीत तेल सोडू नये. नळी पुसण्यासाठी मिळणाऱ्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) दोन-तीन गोळ्या अधूनमधून आरपार घातल्या की पुरते.

जुनी रायफल घेण्यात काही कमीपणा नाही, उलट पहिल्या दोन वर्षांसाठी आम्ही तेच सुचवू. फक्त घेताना सिलिंडरची तारीख वाचा. २०० बार भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी त्याच तापमानाला काटा पाहा. नळीच्या तोंडावरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कडेला बुरा किंवा टवका आहे, ती रायफल नको. दस्त्याचे सगळे स्क्रू सैल करून पुन्हा आवळून पाहा, कारण आटे गेलेला दस्ता मुलाच्या मापाला कधीच बसवता येत नाही. आधीचा खेळाडू उंच होता की बुटका हेही विचारा.

कपड्यांचे एवढेच की कॅनव्हास-चामड्याचे जॅकेट वाढत्या वयात मापाला फार सैल घेऊ नये. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून घेतलेले जॅकेट पाठीला आधार देत नाही आणि मग त्याचा उपयोगच राहत नाही. जाडीची मर्यादा एका थराला २.५ मिमी आहे. स्पर्धेत ती मोजतात.

घरी गोळ्या सोडू नयेत. चाळीच्या गॅलरीत किंवा फ्लॅटच्या पॅसेजमध्ये तर नाहीच. स्पर्धेच्या रायफलीत गोळीशिवाय चाप ओढण्याची सोय असते. पाच मीटर अंतरावर भिंतीला १५ मिमीचा काळा ठिपका चिकटवला की तो दहा मीटरवरच्या लक्ष्याएवढाच दिसतो. रोज वीस मिनिटे एवढा सराव आणि आठवड्यातून एकदा नुसत्या कोऱ्या भिंतीसमोर चाप ओढणे, याने पहिल्या वर्षी जेवढे गुण वाढतात तेवढे कोणत्याही नव्या रायफलीने वाढत नाहीत.

आमची ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या क्रीडा विभागांना, शाळांना आणि केंद्रचालकांना नम्र विनंती आहे. प्रत्येक मुलाच्या घरच्यांनी स्वतंत्र रायफल घ्यावी अशी अपेक्षा ठेवण्याआधी प्रत्येक केंद्रावर पूर्णपणे बदलता येणाऱ्या दस्त्याची एक उजवी आणि एक डावी रायफल नुसती मापे घेण्यासाठी असावी. मूल तिच्यावर निदान तीन महिने शिकावे, मापे वहीत उतरावीत आणि ती मापे हातात घेऊनच पालकाने दुकानात जावे. जोडीला कोरड्या हवेच्या दोन टाक्या, ओल शोषणारी गाळणी, एक टॉर्क पाना, एक वेगमापक आणि पेलेट तपासायला एक शिकंजा एवढे साहित्य लागेल. ते वीस-पंचवीस मुलांना मिळून पुरते, आणि या जोडीच्या साहित्याचा खर्च एका नव्या परदेशी रायफलीच्या आसपास बसवता येईल. पावसाळा सुरू होण्याआधी मे महिन्यात एक दिवस आणि संपल्यावर ऑक्टोबरात एक दिवस सर्व मुलांच्या रायफली उघडून तपासण्याचा ठेवावा. त्या दोन दिवसांसाठी हे पत्र लिहिणारे आम्ही सर्व जण विनामूल्य यायला तयार आहोत.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही रायफल प्रशिक्षक आणि दुरुस्ती कारागीर
(नावे संपादकांकडे दिली आहेत)